रावेरची उमेदवार आणि सल्लागार फर्मची मुलाखत : एक प्रकरण अभ्यास

खानदेशातील तीन उमेदवारांनी एका व्यवस्थापन सल्लागार फर्मसाठी दिलेल्या मुलाखतींचे हे प्रकरण आहे. तिघेही जळगावात अभियांत्रिकी शिकले, काही काळ नोकरी करून पुण्यात एमबीएला गेले, आणि शेवटच्या वर्षी तिघांची नावे एकाच फर्मच्या शॉर्टलिस्टमध्ये आली. जळगावात असताना ते माझे विद्यार्थी होते आणि मुलाखतीची तयारी करतानाही ते माझ्याशी बोलत असत. तिघांच्या संमतीने मी हे लिहीत आहे. उमेदवारांची आणि फर्मची नावे दिलेली नाहीत. मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नांतील आकडे बदलले आहेत, हिशेबाची घडण मात्र तीच ठेवली आहे. मुख्य कथन रावेर तालुक्यातील उमेदवाराचे आहे, कारण ती शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचून तिथे थांबली, आणि प्रत्येक फेरीनंतर तिने त्याच संध्याकाळी सविस्तर टिपणे लिहून ठेवली होती.

उमेदवारांची पार्श्वभूमी

रावेरच्या उमेदवाराच्या घरी केळीची बाग आहे. रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात केळीचा व्यवहार पुष्कळदा बांधावरच होतो. बाग कापणीला आली की व्यापारी शेतात येतो, घड पाहतो, नवतीचा (नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा) आणि पिलबागेचा (पिलांपासून घेतलेल्या पुढच्या पिकाचा) भाव वेगवेगळा सांगतो, आणि जाहीर झालेल्या भावापेक्षा प्रत्यक्षात किती कमी मिळणार यावर घासाघीस सुरू होते. त्या वेळी शेतकरी मनात बरेच मोठे गणित मांडत असतो. घडाचे सरासरी वजन किती भरेल, कापणीची मजुरी किती जाईल, बाग आणखी आठ दिवस राखली तर भाव वाढण्याची शक्यता जास्त की वादळात झाडे आडवी होण्याची, आणि कर्जाचा हप्ता नेमका कधी भरायचा आहे, हे सगळे त्याच्या डोक्यात एकाच वेळी चालू असते. परंतु यातले काहीही तो बोलून दाखवत नाही. हप्त्याची तारीख व्यापाऱ्याला कळली की भाव खाली येतो. म्हणून शेतकरी सगळा हिशेब पोटात ठेवून शेवटी एकच आकडा उच्चारतो. ही उमेदवार लहानपणापासून वडिलांशेजारी उभी राहून हे पाहत आली होती. तिचे तोंडी गणित मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांत फार वरच्या दर्जाचे होते. वर्गातही ती आधी उत्तर सांगत असे, आणि पायऱ्या विचारल्यावरच फळ्यावर लिहीत असे. एमबीएला जाण्यापूर्वी तिने पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात काम केले होते.

दुसरा उमेदवार भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढला. त्याचे वडील लोको पायलट आहेत. रेल्वेत सिग्नल दिसताच लोको पायलट आणि सहायक लोको पायलट तो एकमेकांना मोठ्याने सांगतात, मग तो हिरवा असो, पिवळा असो वा लाल. दोघांनाही तो स्वतंत्रपणे दिसत असला तरी बोलून दाखवणे हा नियमच आहे, कारण एकाच्या पाहण्यात चूक झाली तर ती दुसऱ्याला त्याच क्षणी कळली पाहिजे. तिसरा उमेदवार नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याच्या घरातला. मिरची वाळवण्याच्या पथाऱ्यांवर त्याच्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या होत्या, आणि ओली मिरची वाळल्यावर वजनात किती उतरते व त्यावर खरेदीचा भाव कसा धरायचा, हे त्याला वडिलांइतकेच कळत होते.

मुलाखतीचे स्वरूप

वाचकांपैकी अनेकांचा या क्षेत्राशी संबंध आलेला नसेल, म्हणून मुलाखतीच्या पद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मॅकिन्झी (स्थापना १९२६), बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप (१९६३) आणि बेन (१९७३) या तीन फर्म या व्यवसायात अग्रणी मानल्या जातात, आणि इतर अनेक फर्मची निवडपद्धत त्यांच्याच वळणाने गेलेली आहे. उमेदवाराला आधी बहुधा एक ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, आणि ती पार केल्यावर केस इंटरव्ह्यूच्या फेऱ्या होतात. केस म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण तोंडी सांगून ती उमेदवाराकडून तिथल्या तिथे सोडवून घेणे. नफा का घटला, नव्या बाजारात उतरावे का, दुसरी कंपनी विकत घ्यावी का, अशा स्वरूपाच्या या अडचणी असतात. त्यांच्या जोडीला अंदाजी गणिते असतात, ज्यांना उमेदवारांच्या बोलीत गेस्टिमेट म्हणतात. काही फर्ममध्ये प्रश्नांची दिशा मुलाखतकार ठरवतो, तर काहींमध्ये पुढची माहिती कोणती मागायची हे उमेदवारानेच ठरवायचे असते. या फर्मची पद्धत दुसऱ्या प्रकारची होती.

अशा मुलाखतीत अंतिम आकड्याला वाटते तितके महत्त्व नसते. मुलाखतकाराला उमेदवाराच्या विचाराची वाट ऐकायची असते, कारण उद्या हाच उमेदवार ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर बसून त्यांना एकेक पायरी पटवून देणार असतो. प्रश्नाचे भाग असे पाडावेत की एकही मुद्दा दोन भागांत येऊ नये आणि महत्त्वाचा एकही सुटू नये, ही शिस्त मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांच्यामुळे रूढ झाली, आणि आज या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक मुलाखतकार तिच्याच आधारे उत्तर तोलतो.

पहिली फेरी

ऑनलाइन चाचणी तिघांनीही विशेष अडचण न येता पार केली. पहिली फेरी व्हिडिओवर होती. गावातील इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे रावेरची उमेदवार जळगावात मावशीकडे येऊन बसली होती. मुलाखत इंग्रजीत झाली. इथे दिलेली वाक्ये तिच्या टिपणांतील मराठी आशय आहेत.

पहिला प्रश्न होता, महाराष्ट्रात दरवर्षी दुचाकींचे किती टायर बदलले जात असतील? तिने वहीत काही आकडे मांडले, दोन मिनिटे एक शब्दही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "सुमारे एक कोटी." मुलाखतकाराने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, "हा आकडा आला कुठून?" तेव्हा तिने मागून पुढे सांगायला सुरुवात केली. एका वाहनाला दोन टायर, टायरचे आयुष्य चार वर्षे, म्हणजे वर्षाला एका वाहनामागे अर्धा टायर, आणि वाहने दोन कोटी. दोन कोटी कशावरून, असे विचारल्यावर मग राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटी, कुटुंबे सुमारे २.८ कोटी, शहरी कुटुंबामागे सरासरी एक दुचाकी आणि ग्रामीण भागात दोन कुटुंबांमागे एक, असे बाहेर आले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती, हे तिला माहीत होते आणि तिने ते हिशेबात धरलेही होते, परंतु ती मुलाखतकाराला हे सांगायला विसरली.

हिशेब बरोबर होता. पुढे मुलाखतकाराने विचारले की पुढचा आणि मागचा टायर सारखाच झिजतो का, तेव्हा तिने लगेच दुरुस्ती केली. मागच्या टायरचे आयुष्य तीन वर्षे आणि पुढच्याचे पाच धरले, तर दोन कोटी वाहनांमागे वर्षाला सुमारे १.०७ कोटी टायर येतात, म्हणजे आधीच्या अंदाजात फार फरक पडत नाही. ही दुरुस्ती तिने मोठ्याने बोलत केली, आणि तिच्या टिपणानुसार मुलाखतकाराने त्या वेळी पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतले.

हाच प्रश्न भुसावळच्या उमेदवारालाही आला होता. त्याचा अंदाज ६० लाखांचा होता, म्हणजे बराच कमी, कारण ग्रामीण भागातील दुचाकींची संख्या त्याने फार कमी धरली होती. परंतु तो पहिल्या वाक्यापासून बोलत होता. आधी कुटुंबांची संख्या काढतो, मग शहर आणि गाव वेगळे करतो, मग टायरचे आयुष्य धरतो, असे सांगून त्याने प्रत्येक पायरीवर हे गृहीत योग्य वाटते का, असे विचारले. मुलाखतकाराने ग्रामीण आकड्यावर शंका काढताच त्याने तेवढीच पायरी बदलली आणि उरलेला हिशेब तसाच पुढे नेला. आपण वडिलांच्या सिग्नल सांगण्याप्रमाणे बोलत गेलो, हे त्याने मला नंतर स्वतःहून सांगितले. त्याची बुद्धी रावेरच्या उमेदवारापेक्षा तल्लख आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरातल्या व्यवसायाने त्याला विचार उघड करायला शिकवले होते आणि तिच्या घरातल्या व्यवसायाने तिला तो झाकायला शिकवले होते. दोन्ही शिकवणी आपापल्या जागी शहाणपणाच्याच होत्या.

नंदुरबारच्या उमेदवाराची मुलाखत इथेच संपली. त्याला मसाले विकणाऱ्या एका कंपनीने मिरची पावडरच्या व्यवसायात उतरावे का, असे विचारले होते. यापेक्षा अनुकूल प्रश्न त्याला मिळणे शक्य नव्हते. तरीही त्याने पाठ केलेली चौकट काढली: बाजाराचा आकार, स्पर्धक, कंपनीची क्षमता, आर्थिक बाजू. प्रत्येक चौकटीत त्याने कोणत्याही मालाला लागू पडतील अशी वाक्ये भरली. ओल्या मालाची खरेदी, वाळवणीतली घट, अवकाळी पावसात पथारीवर भिजणारा माल, साठवणुकीत उडणारा रंग, यातले काहीही त्याने उच्चारले नाही. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ते तर आमच्या घरचं आहे. तिथे ते सांगायचं नसतं असं वाटलं." मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत अधिक दुःख या वाक्याचे झाले. ज्या खानदेशात १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून जगभर गेली, तिथल्या मुलाला आपल्या अंगणातला व्यापार मुलाखतीत बोलण्याच्या योग्यतेचा वाटत नाही.

दुसरी फेरी

रावेरच्या उमेदवाराची दुसरी केस केळीचीच निघाली, हा निव्वळ योगायोग होता. उत्तर भारतातील एका शहरात केळी पिकवण्याची शीतगृहे, म्हणजे रायपनिंग चेंबर, चालवणाऱ्या कंपनीचा महिन्याचा नफा वर्षभरात १८ लाखांवरून ७.२ लाखांवर आला होता, आणि कारण शोधायचे होते.

केळी हिरवी असतानाच कापली जाते. चेंबरमध्ये ती साधारण १६ ते १८ अंश तापमानात, भरपूर आर्द्रतेत आणि इथिलीन वायूच्या संपर्कात काही दिवस ठेवली की एकसारखी पिकते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि इथिलीनचा वापर ठरावीक मर्यादेत मान्य आहे. तापमान साधारण १३ अंशांखाली गेले तर सालीवर काळपट छटा येते आणि फळ नीट पिकत नाही. हे सगळे तिला ठाऊक होते, आणि इथेच ती अडकली.

तिने पहिल्याच मिनिटाला निदान केले. नफा घटला म्हणजे वाहतुकीत माल खराब होत असणार, किंवा खरेदीचा भाव वाढला असणार. रावेरच्या बांधावरून पाहिले तर हीच दोन कारणे दिसतात, कारण व्यापारी भाव पाडताना नेहमी हीच दोन पुढे करतो. तिने खराब मालाचे प्रमाण विचारले. ते दोन्ही वर्षी सहा टक्केच होते. तिने खरेदी भाव विचारला. तो वाढला होता, परंतु विक्रीचा भावही तितकाच वाढला होता, आणि खरेदी, वाहतूक व घट वजा जाता किलोमागे दोन्ही वर्षी सहा रुपयेच उरत होते. त्यानंतरही काही मिनिटे ती वाहतुकीभोवतीच फिरत राहिली. गाड्या झाकलेल्या असतात का, घड रचताना मध्ये पाला घालतात का, असे प्रश्न तिने विचारले. ते अज्ञानातून आलेले नव्हते, पण या अडचणीशी त्यांचा संबंध उरलेला नव्हता.

शेवटी मुलाखतकाराने तिला थांबवून विचारले, "तुम्ही ज्या दोन गोष्टी तपासल्या त्या बदललेल्या नाहीत. मग काय बदललेले असू शकते?" ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग पहिल्यांदा तिने सगळा हिशेब कागदावर दोन भागांत मांडून मोठ्याने वाचला. एक भाग प्रत्येक किलोमागे उरणाऱ्या पैशाचा, दुसरा किलो कितीही विकले तरी द्याव्याच लागणाऱ्या खर्चाचा. दुसऱ्या भागाचे आकडे मागितल्यावर ते मिळाले. चेंबर २०, प्रत्येकाची क्षमता दहा टन, माल पिकवण्याचा एक फेर पाच दिवसांचा. म्हणजे महिन्याला सहा फेर आणि एकूण १,२०० टनांची क्षमता. आधीच्या वर्षी महिन्याला ९०० टन माल पिकवला जात होता, आता ७२०. भाडे, वीज आणि पगार मिळून महिन्याचा स्थिर खर्च ३६ लाख. आधी हा खर्च किलोमागे चार रुपये पडत होता आणि दोन रुपये नफा राहत होता, आता तो पाच रुपये पडतो आणि एकच रुपया राहतो. विक्री २० टक्क्यांनी घटली आणि नफा ६० टक्क्यांनी.

इथून पुढे तिची मुलाखत बदलली. चेंबर रिकामे का राहतात, हे विचारण्याची वेळ आली तेव्हा तिच्या गावाकडच्या माहितीने तिला योग्य प्रश्न दिले. माल रोज येतो की एकदम येतो? तो कोणत्या भागातून येतो? एकाच भागातून येत असेल तर मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेली) कापणी यांच्यामध्ये आवक घटते का? मुलाखतकाराने सांगितले की कंपनीने वर्षभरापूर्वी खर्च वाचवण्यासाठी खरेदी एकाच जिल्ह्यापुरती ठेवली होती. मग तिने स्वतःच उलगडा केला: आवक जोरात असते तेव्हा चेंबर पुरत नाहीत आणि ती थंडावली की चेंबर रिकामे पडतात, म्हणून महिन्याची सरासरी घसरली. उपाय म्हणून सोलापूर, बऱ्हाणपूर, अनंतपूर यांसारख्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या महिन्यांत खरेदी करावी आणि उत्पादकांशी कापणीच्या तारखांचे करार करावेत, असे तिने सांगितले. नव्या भागातून माल आणण्याचा वाढीव वाहतूक खर्च किलोमागे किती झाला तरी हा बदल परवडेल, हेही तिने मोजून दाखवले. आणखी १८० टन माल मिळाला तर किलोमागे सहा रुपयांप्रमाणे १०.८ लाख रुपये परत येतात, म्हणून त्या वाढीव मालावर किलोमागे सहा रुपयांपर्यंतचा जादा खर्च कंपनीला तोट्यात नेणार नाही.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म याच फेरीत आहे. एकाच उमेदवाराची एकच माहिती पहिल्या दहा मिनिटांत तिच्या वाटेत आली आणि पुढच्या दहा मिनिटांत तिच्या कामी आली. पहिल्यांदा तिने ती उत्तर म्हणून वापरली, म्हणून समोरचे आकडे तिला दिसेनात. दुसऱ्यांदा तिने तीच माहिती प्रश्न म्हणून वापरली, आणि ज्या मुलाखतकाराने कदाचित केळीची बाग कधी पाहिली नसेल त्यालाही तिच्या प्रश्नांचे वजन कळले.

त्याच फेरीच्या शेवटी वैयक्तिक अनुभवाचे प्रश्न झाले. कारखान्यातील एका कामाबद्दल सांगताना ती सतत "आम्ही" म्हणत राहिली. आम्ही साच्यांचे वेळापत्रक बदलले, आम्ही पर्यवेक्षकांना समजावले. तुम्ही स्वतः काय केले, असे दोनदा विचारल्यावर तिने सांगितले की वेळापत्रकाचा पहिला कच्चा आराखडा तिचाच होता, आणि रात्रपाळीच्या ज्येष्ठ पर्यवेक्षकाला तो पटवण्यासाठी ती आठवडाभर रात्रपाळीला जात होती. एवढी ठोस गोष्ट तिने पहिल्याच उत्तरात सांगायला हवी होती. मोठ्यांसमोर स्वतःचे कर्तृत्व सांगू नये, हा संस्कार आपल्याकडे चांगल्या घरांत मुद्दाम केला जातो, आणि मुलाखतीपुरता तो बाजूला ठेवणे मुलांना, विशेषतः मुलींना, फार जड जाते.

शेवटची फेरी

पार्टनर राउंड (फर्मच्या भागीदाराने घेतलेली फेरी) मुंबईच्या कार्यालयात होता. भुसावळचा आणि रावेरची, दोघेही एकाच रात्रीच्या गाडीने गेले. तिला मिळालेली केस एका पाइप कंपनीची होती. प्रवर्तकांना दुसरा कारखाना उभारायचा होता. पाइपची मागणी शेतीच्या हंगामाप्रमाणे चढते-उतरते, पीव्हीसी रेझिनचा मोठा भाग आयात होत असल्याने कच्च्या मालाचा भाव हातात नसतो, आणि चालू कारखान्याची यंत्रे वर्षातील काही महिने अर्ध्या क्षमतेने चालतात, हे सगळे तिने आधीच्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी सुरेख मांडले. या वेळी ती बोलत होती, भाग पाडत होती, आकडे मागत होती.

पंधराव्या मिनिटाला पार्टनर म्हणाले, "प्रवर्तक आत्ता दारात उभे आहेत. त्यांना एका वाक्यात काय सांगाल?" तिने सांगितले की साठवणुकीचा खर्च आणि हंगामाबाहेरील मागणी कळल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही. पार्टनरांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले, थोड्या अधिक सौम्य शब्दांत. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली की दुसरा कारखाना आत्ता उभारू नये, आधी आहे तो बाराही महिने चालवावा. उत्तर योग्य होते, आणि तिच्यापाशी ते पहिल्या वेळीही तयार होते, असे तिने टिपणात लिहिले आहे.

तिला नकार आला. भुसावळच्या उमेदवाराला नोकरी मिळाली.

नकाराच्या पत्रात दोनच ओळी होत्या. तिने उत्तर पाठवून कारण विचारले, आणि फर्मच्या भरती विभागातील एका व्यक्तीने फोन करून मोकळेपणाने सांगितले की विश्लेषण चांगले होते, पण निष्कर्ष मागावा लागला. अशा फोनची पद्धत त्या फर्ममध्ये नव्हती, आणि विचारले नसते तर ती दोन ओळींवरच समाधान मानून राहिली असती. उमेदवार महिनेच्या महिने तयारी करतात, प्रवास करतात, नोकरीतून रजा घेतात. त्यांना नेमके काय कमी पडले हे चार वाक्यांत कळवायला फर्मला फारसा वेळ लागणार नाही, आणि ज्या फर्म इतरांच्या कामाचे मूल्यमापन करण्यासाठी मोठे शुल्क घेतात त्यांच्याकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

निर्णयाची चिकित्सा

नकार योग्य होता का, यावर माझ्या सहकाऱ्यांत दोन मते पडली. एका मताप्रमाणे अपुऱ्या माहितीवर ठाम बोलण्यास नकार देणे हा प्रामाणिकपणा आहे आणि त्याची शिक्षा होऊ नये. हे मत मला पूर्णपणे पटत नाही. सल्लागाराला माहिती नेहमी अपुरीच असते. आजच्या माहितीवर माझे मत असे आहे, आणि अमुक आकडा वेगळा निघाला तर ते बदलेन, असे सांगणे प्रामाणिकही आहे आणि ग्राहकाच्या उपयोगाचेही. तिने निष्कर्ष आधी उच्चारला नाही, कारण बांधावरच्या व्यवहारात आधी बोलणाऱ्याचा तोटा होतो. इथे आधी बोलणे हेच काम होते.

मात्र मुलाखतीत मोजल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी कामाशी इतक्या थेट जोडलेल्या नसतात. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सल्लागार, कायदा आणि गुंतवणूक क्षेत्रांतील बड्या फर्ममध्ये उमेदवार निवडणाऱ्या १२० जणांशी बोलून दाखवले की, छंद, अनुभव आणि वागण्या-बोलण्याची रीत यांत आपल्यासारखा असलेला उमेदवार निवडणाऱ्यांना अधिक पसंत पडतो, आणि अनेकदा ही पसंती कामातील कौशल्यावरही मात करते. आपल्या उमेदवारांच्या बाबतीत हे किती घडले, हे सिद्ध करण्याचे साधन माझ्याकडे नाही. परंतु फिट राउंडमध्ये (उमेदवार फर्मच्या माणसांत जुळेल का हे पाहणाऱ्या गप्पांत) मोकळ्या वेळात काय करता, असे विचारल्यावर रावेरच्या उमेदवाराने बागेचा हिशेब पाहते असे सांगितले आणि तिथे संभाषण संपले, तर भुसावळच्या उमेदवाराने क्रिकेटचे नाव घेतले आणि पाच मिनिटे गप्पा झाल्या, ही नोंद दोघांच्याही टिपणांत आहे.

दुसऱ्या बाजूने, सर्वांना तेच प्रश्न आणि त्याच निकषांवर गुण, अशी ठरावीक रचना असलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा कामाचा अंदाज अधिक चांगला देते, हे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांच्या १९९८ च्या आढाव्यातून पुढे आले होते. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे नव्याने तपासून बरेच खाली आणले, तरी त्यांच्या यादीत ठरावीक रचनेची मुलाखत सर्वांत वर आली. म्हणून केस इंटरव्ह्यूवर सरसकट अन्यायाचा शिक्का मारणे मला चुकीचे वाटते. खानदेशातून येणाऱ्या मुलासाठी केस हा भाग त्यातल्या त्यात न्याय्य आहे, कारण तिथे आडनाव, शाळा आणि उच्चार यांच्यापेक्षा कागदावरच्या पायऱ्या बोलतात. अडचण केसच्या आजूबाजूच्या गप्पांत आहे, आणि ती फर्मने सोडवायची आहे.

तयारीतील बदल

या प्रकरणानंतर आमच्याकडे जळगावात सराव करणाऱ्या गटाने दोन गोष्टी बदलल्या. पहिला महिना सर्व केस मराठीत होतात, किंवा ज्याच्या घरी अहिराणी अथवा लेवा गणबोली बोलली जाते त्याने त्या बोलीत केल्या तरी चालते. विचार उघडपणे बोलण्याची सवय एकदा लागली की ती इंग्रजीत नेणे सोपे जाते, परंतु बोलण्याची सवय आणि परकी भाषा ही दोन ओझी एकदम उचलायला लावली की मुले पाठ केलेल्या चौकटींकडे पळतात. नंदुरबारच्या उमेदवाराच्या बाबतीत हेच घडले होते. दुसरे असे की जोडीदाराने कोणत्याही क्षणी थांबवून निष्कर्ष मागायचा, आणि समोरच्याने तेव्हा जवळ असेल त्या माहितीवर एका वाक्यात तो द्यायचा, मग तो कोणत्या आकड्याने बदलेल हे सांगायचे. केसचे विषय आम्ही मुद्दाम आसपासचे घेतो. जळगावच्या डाळ मिलची क्षमता, धुळ्याच्या दूध संकलनाचा मार्ग, भुसावळहून सुटणाऱ्या मालगाडीचे भाडे, हे विषय मुलांच्या ओळखीचे असल्याने माहितीचे प्रश्नात रूपांतर करण्याचा सराव त्यांच्यावर अधिक चांगला होतो. भुसावळचा उमेदवार सुट्टीत घरी आला की हा सराव घेतो.

नंदुरबारचा उमेदवार वडिलांच्या व्यवसायात परतला आहे आणि वाळवणीतील घट कमी करण्यासाठी बंदिस्त ड्रायर घ्यावा का, याचा हिशेब करत आहे. तो हिशेब त्याने गटासमोर केस म्हणून मांडला, आणि या वेळी त्याने एकही चौकट पाठ केलेली नव्हती. रावेरच्या उमेदवाराने नाशिक येथील शेतमाल प्रक्रियेच्या एका कंपनीत नियोजनाचे काम स्वीकारले आहे. नकारानंतर ठरावीक काळ त्या फर्मकडे पुन्हा अर्ज करता येत नाही. तो काळ संपल्यावर अर्ज करायचा की ज्या कंपनीत आहे तिथेच राहायचे, हे तिने अद्याप ठरवलेले नाही.